परदेशात गेलं की मतदान सुटतंच का?

दोहा_डोंबिवली (धागाकर्ता)

२०२४च्या लोकसभेला महाराष्ट्राच्या मतदार याद्यांमध्ये ५,०९७ परदेशस्थ मतदार होते. त्यांपैकी १७ जणांनी मत दिलं. आपल्या गटगला, म्हणजे भेटीच्या कार्यक्रमाला, याहून जास्त माणसं येतात.

देशभरात १,१९,३७४ नावं नोंदलेली होती आणि मतं पडली २,९५८. त्यातली २,६७० एकट्या केरळची. २०१९ला ९९,८४४ नावं होती आणि २५,६०६ मतं पडली होती. म्हणजे पाच वर्षांत नावं वाढली आणि मतं जवळजवळ नवव्या हिश्श्यावर आली. आणि परदेशात राहणारे भारतीय पासपोर्टधारक तर सव्वा कोटीहून जास्त आहेत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: भारतीय नागरिकत्व सोडलेलं नसेल तर परदेशात राहूनही मतदार होता येतं. २०१०च्या दुरुस्तीनं १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०अ आलं आणि फेब्रुवारी २०११पासून ते लागू झालं. नमुना ६अ भरायचा, पासपोर्टवर भारतातला जो पत्ता असेल त्या मतदारसंघात नाव लागतं. अट एकच, पण ती सगळ्यात अवघड. मत द्यायला त्या केंद्रावर स्वतः हजर राहायचं, मूळ पासपोर्ट घेऊन. टपाल नाही, दूतावासात सोय नाही, प्रतिनिधी पाठवता येत नाही.

इथे शुक्रवारी चार मराठी कुटुंबं जमली की रस्त्यांपासून आरक्षणापर्यंत कुठलाच विषय सुटत नाही. मतदानाच्या दिवशी मात्र सगळे टीव्हीसमोर. माझं मत स्पष्ट आहे, टपाली मतदान मिळायला हवं आणि आपण ते मोठ्यानं मागायला हवं. पण त्याआधी तुमचा अनुभव ऐकायचाय. बाहेर गेल्यावर तुमचं मतदान कधी सुटलं आणि कशामुळे?

चांदणवेल

असं नाव नोंदवता येतं हेच आज कळलं. इतकी वर्षं शारजात आहे, कुणी कधी बोललं नाही.

हिरवा_चाफा

लोकसभा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात. आमचे हे एका पायावर तयार असतात! अडतं ते मुलांच्या शाळेपाशी. अमेरिकेत शाळा जूनमध्ये सुटतात, आखातात जुलै-ऑगस्टमध्ये. मतदानाची तारीख कुठल्याच सुट्टीत बसत नाही.

एकमार्गी

सुट्टीचं सोडा, तारीख कळतेच कधी? विधानसभा १५ ऑक्टोबर २०२४ला जाहीर झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला. पाच आठवड्यांत रजा मंजूर करून घ्यायची, तिकिटं काढायची, तीही दिवाळीच्या गर्दीत. लोकसभेला १६ मार्चला घोषणा झाली आणि महाराष्ट्राचे पाच टप्पे पडले. पूर्व विदर्भात १९ एप्रिल, पुण्यात १३ मे, मुंबई-ठाण्यात २० मे. आपला टप्पा कुठला हे घोषणेच्या दिवशीच कळणार. टोरांटोहून चौघांचं तिकीट एका मतासाठी कोण काढेल? आणि न काढणाऱ्याला उदासीन म्हणायचं, हे मला पटत नाही.

सांगलीवाला

मी गावात राहतो, म्हणून थोडं कडू लिहितो. राग मानू नका.

तुमच्या मताचे परिणाम कोण भोगणार? २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा गाळ आम्ही उपसला. पाणी कुठल्या धरणातून कधी सोडायचं, पंचनामे नीट झाले का, दवाखान्यात डॉक्टर आहे का, हे आमचे रोजचे प्रश्न आहेत. परदेशात बसलेला माणूस मोबाइलवर जे दिसतं त्यावरून मत बनवणार. त्याला उमेदवाराचं नाव माहीत असतं, पण तो आपल्या भागात फिरकतो की नाही हे कुठून कळणार? हजर राहून मत द्या ही अट मला योग्य वाटते. ज्याला खरी ओढ आहे तो येईल.

दोहा_डोंबिवली

@सांगलीवाला, राग कशाला. पण ओढ तिकिटाच्या पैशांवर मोजायची का? माझ्यासोबत साइटवर काम करणारी मुलं आहेत, जळगावची, नांदेडची. कंपनी दोन वर्षांतून एकदा तिकीट देते. महिन्याचा पगार गावी जातो, त्यावर घर चालतं, बहिणीचं लग्न होतं. त्या मुलाला गावात डॉक्टर हवा की नको? आई-वडील तर तिथेच आहेत. हजेरीची अट घातली की मत देणार तो ज्याला वाटेल तेव्हा विमानात बसता येतं. साइटवरच्या मुलाचं नाव यादीत लागूनही उपयोग नाही.

मांडवीपार

गोव्याकडची गोष्ट वेगळी आहे, ती सांगते.

१९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. आमच्या वाड्यावरच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तसं करून इंग्लंडला गेलंय, स्विंडनला तर गोंयकारांची मोठी वस्तीच आहे. पोर्तुगीज झाला की भारतीय नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मतही गेलं. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी मत देता येत नाही.

आता दुसरी बाजू बघा. माझा मामेभाऊ स्विंडनला असतो. पोर्तुगालच्या संसदेची निवडणूक आली की त्याच्या घरी टपालानं मतपत्रिका येते. मत हिरव्या पाकिटात घालायचं, ते पाकीट पांढऱ्या पाकिटात, सोबत ओळखपत्राची प्रत. परदेशस्थांसाठी तिथे चार जागा वेगळ्या ठेवल्यात, दोन युरोपातल्यांसाठी आणि दोन युरोपाबाहेरच्यांसाठी. पोर्तुगालला तो दोन-तीनदा गेला असेल, भाषा येत नाही. गोव्याच्या राजकारणात मात्र त्याचा जीव अडकलेला, पंचायतीपासून सगळं ठाऊक. जिथलं कळतं तिथलं मत नाही आणि जिथलं कळत नाही तिथलं घरपोच येतं. म्हणून तो पाकीट उघडतच नाही.

एकमार्गी

टपाली मतदान म्हणजे रामबाण नाही, हेही यात आलं. पोर्तुगालात २०२२ला युरोपातल्या परदेशस्थांची दीड लाखांहून जास्त मतं बाद झाली होती. बऱ्याच पाकिटांत ओळखपत्राची प्रतच नव्हती, ती बाकीच्यांत मिसळली गेली. शेवटी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं फेरमतदान घ्यायला लावलं. नवं सरकार तेवढे दिवस अडकून पडलं.

मांडवीपार

हो, आणि २०२५ला त्याच चार जागांनी दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बदलला. देशातल्या मोजणीत शेगा आणि समाजवादी हे दोन पक्ष बरोबरीत होते. परदेशस्थांच्या दोन जागा मिळाल्या आणि शेगा ६० वर गेला, समाजवादी ५८ वरच राहिले. थोड्या मतांनी काय होतं असं म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं.

पाऊलवाट

मी त्या सतरांतली नाही, पण २०२४ला विधानसभेला परदेशस्थ मतदार म्हणून मत दिलंय. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं होतं, त्यामुळे मी तिकडेच होते.

केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी चौथीत जिथे बसायचे त्याच खोलीत. पहिल्या अधिकाऱ्यांनी नाव विचारलं, यादीवर पट्टी सरकवत खाली गेले, नाव नाही. मी म्हटलं, साहेब, शेवटची पानं बघा, परदेशस्थ मतदारांचा भाग वेगळा असतो. ते म्हणाले, ओळखपत्र दाखवा. आम्हाला ते मिळत नाही, पासपोर्टच चालतो, हे मी सांगितलं. मागे बायकांची रांग थांबली. भिंतीला टेकून बसलेले दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या याद्या घेऊन पुढे सरकले आणि त्यांच्यातल्याच एकाला माझं नाव सापडलं! केंद्राध्यक्ष उठून आले, पासपोर्टवरचा पत्ता वाचला, फोटोकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग रजिस्टरवर सही, डाव्या तर्जनीवर शाई. बाहेर आल्यावर आत्यानं बोट धरून पाहिलं आणि म्हणाली, "आता लग्नाला आल्यासारखी वाटतेस."

अधिकाऱ्यांची चूक नाही. त्या केंद्रावर परदेशस्थ मतदार आधी कधी आलेलाच नव्हता, त्यांना सवय कुठून असणार?

चांदणवेल

वाचून अंगावर काटा आला. मी नाव नोंदवणार.

बालाघाट

विषयाला थोडा फाटा फोडतो. तुम्ही परदेशातल्यांबद्दल बोलताय. आमच्या बीडमधला ऊसतोड कामगार परदेशात जात नाही, कोल्हापूरला किंवा कर्नाटकात जातो, आणि तोही मतदानाच्या दिवशी फडात असतो. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं तेव्हा गळीत हंगाम तोंडावर होता. उचल घेतलेल्या माणसाला मुकादम म्हणेल तेव्हा निघावं लागतं. कोयत्यानिशी टोळी गेली की गावातले वाडे रिकामे, म्हातारी माणसं तेवढी मागे. अशा स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्र तयार करून जानेवारी २०२३मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होती. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. आधी यांचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

दोहा_डोंबिवली

@बालाघाट, शंभर टक्के. आधी कोण असं भांडण नकोच. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचं मत पोचलं पाहिजे, मग तो कागलला असो की कतारला.

सांगलीवाला

ऊसतोडीवाल्यांचं मला पटलं. तो सहा महिन्यांनी परत येतो, गावातच मरतो. त्याच्यासाठी यंत्र आणा, मी पाठिंबा देतो. परदेशाबद्दल माझं मत कायम.

टेम्स_किनारी

लंडनमधून लिहितोय. आमची स्थिती अनेकांना माहीत नसते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देता येतं, पार्लमेंटच्याही. म्हणजे मी भारतीय नागरिक असूनही ४ जुलै २०२४ला इथे मत दिलं. आता केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. तोच निळा पासपोर्ट दाखवून मी इथे मत देतो आणि तोच दाखवून ठाण्यात देऊ शकतो.

त्यामुळे @सांगलीवाला यांचा मुद्दा मला निम्मा पटतो. जिथे राहतो तिथे मत हवं, हे खरं. इथल्या कौन्सिलनं कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा केली तर मला त्रास होतो, त्यावर बोलायचा हक्क मला आहे. पण अबू धाबीतल्या माणसाला तो कुठेच नाही. तिथे कितीही वर्षं राहा, नागरिकत्व सहसा मिळत नाही. भारतातलंही मत हातचं गेलं तर जगात कुठेच त्याचं मत उरत नाही. केरळचा आकडा मोठा का, याचं उत्तर मला इथे दिसतं. त्यांची माणसं परत जाणार हे ठरलेलं असतं.

ऑकलंडची_माई

आमच्याकडेही तसंच. कायमस्वरूपी निवासाचा परवाना आणि इथे वर्षभर राहिलेलं असलं की मत देता येतं, नागरिकत्व लागत नाही. नाव नोंदवणं सक्तीचं आहे. पण न्यूझीलंडचा नागरिक परदेशात गेला आणि तीन वर्षांत एकदाही इकडे फिरकला नाही तर त्याचं मत थांबतं. २०२३च्या निवडणुकीपुरती करोनामुळे ती मुदत सहा वर्षं केली होती. परत पाऊल ठेवलं की हक्क पुन्हा सुरू. सांगलीवाल्यांना हा नियम आवडेल बघा.

सांगलीवाला

माई, हा नियम मला खरंच आवडला. तीन वर्षांत एकदा तरी गावाला आला असेल तर टपालानंही देऊ द्या. ही माझ्याकडून तडजोड.

टेम्स_किनारी

ब्रिटिशांनी उलट दिशेनं पाऊल टाकलं. पंधरा वर्षं बाहेर राहिलं की मत जायचं, ती मर्यादा जानेवारी २०२४पासून काढून टाकली. हॅरी शिंडलर नावाचे महायुद्धातले सैनिक इटलीत राहायचे, त्यासाठी आयुष्यभर लढले. २०२३मध्ये १०१व्या वर्षी गेले. कायदा पास झालेला त्यांनी पाहिला, पण तो लागू होऊन मत द्यायचं राहून गेलं. असं कुणीतरी चिकाटीनं मागे लागावं लागतं.

एकमार्गी

आपल्याकडेही लागलेत की. शमशीर वायलिल या आखातातल्या केरळी डॉक्टरांनी २०१४मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्यानंतर सरकारनं प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक आणलं, ते ९ ऑगस्ट २०१८ला लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत मंजूर झालंच नाही आणि २०१९ला लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आयोगानं कायदा मंत्रालयाला कळवलं की ई-टपाल मतपत्रिका द्यायला आमची तयारी आहे. पुढच्या लोकसभेला मात्र पुन्हा तेच, या आणि मत द्या.

काजवा

प्रतिनिधी नको रे बाबा. आमच्या भावकीत बांधावरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, माझं मत चुलतभावाच्या हातात कसं देऊ? आणि एका माणसाच्या खिशात दहा जणांची मतं असली की त्यांचा भाव ठरणारच.

चौपाटी२१

टपालाचीही भीती वाटते. मी कामगारांच्या वसाहतीत राहिलोय. एका खोलीत आठ जण, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तिथे मतपत्रिका आली तर भरणार कोण आणि बघणार कोण? केंद्रावरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला फार किंमत आहे. दूतावासात केंद्र उघडावं असं मला वाटतं, पण यजमान देशानं परवानगी द्यायला हवी, आणि जिथे मुळात निवडणुकाच होत नाहीत ते देश कितपत देतील?

दोहा_डोंबिवली

भीती खरी आहे. पण सैनिकांना आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना ई-मतपत्रिका आजही मिळते. संकेतशब्द टाकून उतरवून घ्यायची, छापायची, खूण करून टपालानं पाठवायची. २०१९ला अशा १८,०२,६४६ नोंदलेल्या मतदारांपैकी १०,८४,२६६ जणांच्या मतपत्रिका परत आल्या. साठ टक्के! सोय दिली की माणसं मत देतात, याला आणखी कुठला पुरावा हवा?

परतलेला_पक्षी

@दोहा_डोंबिवली, इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि मी उलट बाजूनं बोलतोय.

न्यू जर्सीत आयुष्य काढून आम्ही पुण्याला परतलो. दोघंही अमेरिकी नागरिक. इथून तिकडे मत द्यायची पूर्ण सोय आहे. एक अर्ज भरायचा, जिथे शेवटचं राहिलो त्या काउंटीला पाठवायचा, मतपत्रिका ई-मेलनं येते. वेळेत नाहीच आली तर कोरी मतपत्रिका भरून पाठवायचीही तरतूद आहे. तिकीट नको, रजा नको, कोथरूडच्या घरात बसून होतं.

तरीही आमच्या ओळखीतले परतलेले लोक मत देत नाहीत. अमेरिकी सरकारच्याच अंदाजानुसार २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत परदेशस्थ अमेरिकी मतदारांपैकी ७.८ टक्क्यांनी मत दिलं आणि २०२२ला ३.४ टक्क्यांनी. एवढी सोय असून! अर्ज दर वर्षी नव्यानं करावा लागतो. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी कुणी आठवण करत नाही, तिसऱ्या वर्षी सिनेटला कोण उभं आहे हे कळत नाही. मत दिलं तर राज्याचा कर मागे लागेल अशी भीती काही जण घालतात, मग उरलेलेही गळतात. तिकडे असताना शाळेच्या जिममध्ये रांगेत शेजारी भेटायचे, मुलं सोबत यायची. पुण्यात त्या दिवशी सोसायटीत कुणाला पत्ताही नसतो. सोय हवीच, पण नुसत्या सोयीनं हे टिकत नाही.

पाऊलवाट

हे फार महत्त्वाचं आहे. सैनिकांचे साठ टक्के येतात कारण युनिटमध्ये कुणीतरी ते काम अंगावर घेतलेलं असतं.

केशरीमठ

केरळही तसंच. आखातात त्यांच्या केएमसीसीसारख्या (केरळ मुस्लिम कल्चरल सेंटर) संघटना नावं नोंदवून घेतात, निवडणुकीच्या वेळी विमानं भरून माणसं नेतात. २०२४ला त्यांचाही आकडा पडला. माझा अंदाज, तिकिटं महाग आणि मतदान शुक्रवारी, २६ एप्रिलला, त्यामुळे बऱ्याच जणांचं जमलं नसेल. तरीही ८९,८३९ नावं त्यांच्या यादीत होती. मेहनत कुणी केली? मंडळांनी.

आपली महाराष्ट्र मंडळं जगभर आहेत. गणपती, दिवाळी पहाट, नाट्यप्रयोग सगळं हौसेनं करतो. त्यात नमुना ६अ भरून देणारं एक टेबल कधी पाहिलंय?

हिरवा_चाफा

आमच्या मंडळात राजकारण नको असा ठरावच आहे. एकदा भांडणं झाली होती, लोक दोन वर्षं एकमेकांच्या हळदीकुंकवाला गेले नाहीत.

केशरीमठ

पक्ष आणू नका. फॉर्म, पासपोर्टची प्रत, एवढंच. मत कुणाला हे विचारायचंच नाही.

बीएलओ_बाई

मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आहे, मतदार यादीचं काम माझ्याकडे असतं. फक्त वाचायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

६अ अर्ज आला की आम्हाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर जाऊन घरच्यांकडून खात्री करून घ्यावी लागते. मस्कतच्या एका मुलाचा अर्ज आला म्हणून मी वाडीत गेले. आई परसात कोकमं वाळत घालत होती. मतदार यादीचं काम म्हटल्यावर घाबरलीच, "बाई, माझ्या झिलाचा नाव कापूक इलात काय?" नाव लावायला आलेय म्हटल्यावर ओले हात पुसत आत गेली आणि पासपोर्टची झेरॉक्स, वीजबिल, त्याचं दहावीचं प्रमाणपत्र, सगळं पुढ्यात आणून ठेवलं. त्याची काहीच गरज नव्हती, पण तिला द्यायचं होतं.

घर बंद असेल, घरचं कुणीच नसेल, तर कागद खात्रीसाठी त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे जातात. त्याला वेळ लागतो. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज करू नका, आत्ता करा.

अजून एक. तुमचं जुनं नाव साध्या यादीत तसंच असेल आणि तुम्ही कायम परदेशात असाल, तर दोन्हीकडे नाव ठेवू नका. अर्जात तसं जाहीर करावं लागतं आणि खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंतची शिक्षा कायद्यात आहे. भारतात कायमचे परत आलात की नोंदणी अधिकाऱ्याला कळवून साधा नमुना ६ भरा.

एकमार्गी

बाई, पण लोक जुन्याच ओळखपत्रावर देऊन येतात की. माझ्या माहितीत कितीतरी आहेत.

बीएलओ_बाई

येतात, मला माहीत आहे. आणि आम्ही घरोघरी जातो तेव्हा शेजारी सांगतात की ते तर कधीच गेले कॅनडाला. मग नोटीस निघते, नाव वगळलं जातं, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन आमच्यावर ओरडतात. परदेशस्थ म्हणून नोंद केलीत तर ते नाव हक्काचं असतं, घरात तुम्ही दिसत नाही म्हणून कुणी ते वगळू शकत नाही.

सांगलीवाला

बाईंचं ऐका सगळे. आणि केशरीमठ यांचं टेबलही चांगलं आहे. माझा विरोध हजर न राहता मत द्यायला आहे, नाव लावायला नाही. नाव लावा, गावाला या, मत द्या, जेवायला आमच्याकडे.

दोहा_डोंबिवली

@सांगलीवाला, आमंत्रण घेतलं!

मूळ प्रश्नाकडे येतो. मी विचारलं होतं कधी सुटलं आणि कशामुळे. परतलेला_पक्षी यांचं वाचून माझं मत थोडं सरकलं. टपाली मतदानाची मागणी मी सोडत नाही, साइटवरच्या मुलांसाठी दुसरा मार्ग नाही. पण ती मागायची तर यादीत नावं हवीत. महाराष्ट्रातून पाच हजार नावं असतील तर दिल्लीत कोण दखल घेईल? पुढच्या लोकसभेला २०२९ उजाडेल. तोवर दर गणपतीला दोह्यातल्या आमच्या मंडळात टेबल लावायची परवानगी मी मागतो. इथले नियम पाहता सभा-भाषणं नाहीत, फक्त फॉर्म. ज्यांना आपापल्या गावी असं करायचंय त्यांनी इथे शहर लिहा.

ऑकलंडची_माई

ऑकलंड. आमच्याकडे नुकतीच आलेली बरीच मुलं भारतीय पासपोर्टवर आहेत. मी बसते टेबलावर.

टेम्स_किनारी

लंडन लिहा. इथली आणि तिथली, दोन्ही नोंदणी एकाच टेबलावर करता येईल.

चांदणवेल

शारजा. पण माझी एक अडचण. पासपोर्टचं नूतनीकरण इथेच केलं तेव्हा पत्ता शारजाचा टाकला गेला, मिरजेचा पत्ता राहिलाच नाही. मग ६अ भरता येईल का?

बीएलओ_बाई

नाव पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावरच लागतं. त्यामुळे आधी पासपोर्टवर मिरजेचा पत्ता लावून घ्या. मग आयोगाच्या पोर्टलवर ६अ भरा, फोटो आणि पत्त्याचं पान, शिवाय चालू व्हिसाचं पान जोडा, प्रत्येक प्रतीवर सही करा. आणि मिरजेत घरच्यांना सांगून ठेवा की कुणीतरी चौकशीला येईल.